सर्कशीच्या तंबूतला ख्याल

ख्याल गायकी महाराष्ट्रात कशी आली, हा प्रश्न गाण्याच्या परीक्षेला हमखास येतो म्हणे. उत्तरही ठरलेलं आहे. इचलकरंजीकडचे बाळकृष्णबुवा (१८४९-१९२६) गुरूच्या शोधात वणवण करत उत्तरेत गेले, ग्वाल्हेरच्या हद्दू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकले आणि ती विद्या घेऊन परत आले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. मग वह्या आल्या, नोटेशन आलं, परीक्षा आल्या. पाच मार्क खिशात टाका आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा.

उत्तर बरोबरच आहे. पण त्याच ग्वाल्हेरहून महाराष्ट्रात येणारी एक दुसरी वाट आहे आणि ती चक्क सर्कशीच्या तंबूतून जाते. घोडे, वाघ, झुले आणि त्या सगळ्या लवाजम्याबरोबर गावोगाव फिरणारा एक अर्धवट भानावर असलेला गवई! ही गोष्ट मला पुस्तकातून नाही कळली. लोणी काळभोरच्या एका मित्राने सांगितली, आणि सांगायला त्याने जवळजवळ दोन वर्षं लावली. त्यामुळे आधी त्याच्याबद्दल लिहिणं भाग आहे.

लोणी म्हणजे पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की हडपसरच्या पुढे. आज तुम्हाला ती माहीत असेल एमआयटीच्या त्या भल्यामोठ्या घुमटामुळे. तो ज्या जागेत आहे ती राजबाग, म्हणजे एकेकाळची राज कपूरची बाग. नव्वदच्या दशकात आमच्यासाठी लोणी म्हणजे ऊस, मुठेचा उजवा कालवा आणि तेल कंपन्यांच्या डेपोबाहेर लागलेल्या टँकरच्या रांगा. संगीत म्हणाल तर वर्षातून एक रात्र तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असायचा, तेव्हा टाळ-मृदंगाने सगळं गाव दणाणून जायचं. बाकी वर्षभर नवरात्राचे कर्णे, लग्नातला बँड आणि हडपसरच्या दुकानातून आवडीची गाणी 'भरून' आणलेली साठ मिनिटांची कॅसेट. मी रहमान ऐकत होतो (ए. आर.). खाँसाहेब रहिमत खाँ नावाचं कोणी होऊन गेलं हे मला कळायचं काहीच कारण नव्हतं.

मित्राचं नाव देत नाही, त्याला चालणार नाही. अकरावीला माझ्या शेजारी बसायचा. मे महिन्यातही वडिलांचा हातविणीचा स्वेटर. वर्गात मास्तरांनी प्रश्न विचारला की उभा राहून शांतपणे "आज नको" म्हणायचा आणि खाली बसायचा. गावात त्याला सर्किट म्हणत. कधीकधी आठ-आठ दिवस कोणाशी एक शब्द बोलत नसे, आणि मग एकदम रात्री साडेदहाला सायकलवरून येऊन खिडकीखाली उभा राहून विचारायचा, "कंपास आहे का तुझ्याकडे?"

त्याचं आजोळ मिरजेचं. आजोबा गेल्यावर तिथल्या माळ्यावरून एक हाताने चावी द्यायचा ग्रामोफोन आणि पंचवीसेक तबकड्या त्याच्या वाट्याला आल्या. वाट्याला म्हणजे काय, बाकी कोणालाच नको होत्या. लोणीत त्याचं घर कालव्याच्या कडेला होतं आणि मागच्या बाजूला एक पत्र्याची खोली होती. ग्रामोफोन तिथे गेला, आणि त्याच्यामागोमाग हाही तिथेच राहायला गेला.

पहिली अडचण सुयांची. जुन्या लाखेच्या तबकडीला पोलादी सुई लागते आणि ती एकदा एक बाजू वाजवली की बदलायची असते, नाहीतर झिजलेली सुई पुढच्या तबकडीच्या खाचा खरवडते. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात कधीमधी सुयांची डबी मिळायची, पण भाव ऐकून आम्ही परत फिरायचो. यावर त्याने काढलेला उपाय म्हणजे बाभळीचा काटा. कालव्याच्या कडेने बाभळी होत्याच. चांगला कडक काटा निवडायचा, उन्हात वाळवायचा, ब्लेडने तासून टोक करायचं आणि सुईच्या जागी बसवायचा. हे मला निव्वळ वेडेपण वाटायचं. पुढे कळलं की युरोपातले ग्रामोफोनचे शौकीन १९२० आणि ३० च्या दशकांत बांबूच्या आणि निवडुंगाच्या काट्यांच्या सुया वापरत असत, आणि त्यावर आपसात भांडतसुद्धा असत! काट्याने आवाज जरा दबका येतो, पण खरखर कमी होते आणि तबकडी वाचते. बाभळीपर्यंत तो स्वतःच्या डोक्याने पोचला होता.

ऐकायचे नियम कडक होते. दिवा बंद. चहा नाही. मधे बोलायचं नाही, आणि संपल्यावर 'वा' तर अजिबातच म्हणायचं नाही. एका संध्याकाळी एकच तबकडी, तीही तीन-चार वेळा. स्प्रिंग म्हातारी झालेली असल्याने गाणं शेवटाकडे येता येता आवाज मंद आणि जाड होत जायचा, म्हणून तो वाजता वाजता अंधारात चावी देत राहायचा.

एके दिवशी त्याने लावलेल्या तबकडीतून जो आवाज आला तो मी आयुष्यात ऐकलेल्या कुठल्याच आवाजासारखा नव्हता. आधी भरपूर खरखर, आणि तिच्या पलीकडून, विहिरीच्या तळातून यावा तसा, उंच पट्टीतला एक पातळ आवाज. म्हातारा, पण लहान मुलासारखा. तान यायची ती सरळ रेषेत वर जायची आणि तशीच सरसरत खाली यायची. श्रोत्यांना काही दाखवावं, समजवावं असा भावच नाही. माणूस स्वतःशी काहीतरी बोलतोय आणि आपण भिंतीला कान लावलाय, असं वाटत होतं. मला थोडं हसू आलं, थोडी भीतीही वाटली.

"कोण आहे हा?"

"आधी ऐक. माणूस मग सांगतो."

हा 'मग' महिन्यामहिन्याने, तुकड्यातुकड्यात आला. पुढे इंटरनेट आल्यावर आणि पगार सुरू झाल्यावर मी स्वतःही पुस्तकं धुंडाळली. सगळं जोडून गोष्ट अशी होते.

विष्णुपंत छत्रे. जन्म १८४०, सांगलीकडच्या अंकलखोपचा. या मुलाला दोन नाद, घोडे आणि गाणं. त्या काळच्या ब्राह्मण घरात यातला एक नादही पुरेसा होता घर सोडायला. पठ्ठ्या गेला तो थेट ग्वाल्हेरला. तिथे शिंद्यांच्या राज्यात दोन्ही गोष्टींची चैन होती. घोडा शिकायला बाबासाहेब आपटे होते आणि गाणं शिकायला खुद्द हद्दू खाँ. सकाळी तबेला आणि संध्याकाळी तंबोरा, असा काहीसा त्याचा दिवस असावा (हे माझं कल्पनाचित्र). त्याच घरात हद्दू खाँचा मुलगा रहिमत वाढत होता.

हद्दू खाँ हे काय प्रकरण होतं ते दोन वाक्यांत सांगतो. हस्सू, हद्दू आणि नत्थू या मंडळींनी ग्वाल्हेरच्या ख्यालाला आज आपण ओळखतो तो घाट दिला. बडे महंमद खाँ आपली तानबाजी शिकवत नाहीत म्हटल्यावर त्यांना नकळत आडून ऐकून या भावांनी ती उचलली, ही दंतकथा तर गाणाऱ्या प्रत्येक घरात सांगितली जाते. (आजच्या भाषेत कोड चोरी, पण एवढी सुंदर की मूळ मालकाला तोंडात बोट घालावं लागलं.) तर अशा घरातला मुलगा. विद्या त्याला मागावी लागलीच नाही, ती घरातल्या हवेत होती.

१८७५ ला हद्दू खाँ वारले. त्याच सुमारास थोरला भाऊ महंमद खाँही गेला. आणि रहिमत खाँचं बिनसलं. अफूचं व्यसन आणि मनाचा तोल जाणं, यातलं आधी काय आणि नंतर काय ते आज सांगता येणार नाही. ग्वाल्हेर सुटलं आणि हा भटकत काशीला पोचला.

इकडे विष्णुपंत महाराष्ट्रात परतले होते आणि कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांकडे घोड्यांचं काम बघत होते. १८७९ च्या सुमारास मुंबईला किआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस आली. विष्णुपंत आणि कुरुंदवाडचे राजेसाहेब ती बघायला गेले. किआरिनीने हिंदी माणसांना असली सर्कस कधी जमायची नाही अशी काहीशी शेखी मिरवली आणि विष्णुपंतांनी ती मनावर घेतली, अशी कथा सर्कसवाले आजही सांगतात. कथेचा मीठमसाला काढला तरी २० मार्च १८८० ही तारीख उरतेच. त्या दिवशी कुरुंदवाडला विष्णुपंतांच्या 'ग्रेट इंडियन सर्कस'चा पहिला खेळ झाला. भारतीय सर्कशीचा जन्मदिवस म्हणून हीच तारीख मानतात. ही सर्कस पुढे देशभर फिरली, सिलोनला गेली, त्याच्याही पलीकडे पूर्वेला गेली. केरळात तलश्शेरीला तिचा मुक्काम पडला तेव्हा तिथले कसरतीचे शिक्षक कीलेरी कुञ्ञिक्कण्णन यांची आणि विष्णुपंतांची गाठ पडली, आणि त्यांनी पुढे सर्कशीची शाळा काढली. आपल्याकडे सर्कस म्हटली की मल्याळी कलाकार का, याचं उत्तर तिथे आहे. ती शाळा सुरू झाली १९०१ साली. पलुस्करांची लाहोरची शाळासुद्धा १९०१ चीच. एकाच कुळातल्या दोन माणसांमुळे एका वर्षात दोन शाळा, एक स्वरांची आणि एक झुल्यांची. योगायोगच, पण मला तो फार आवडतो.

तर सर्कस फिरत फिरत काशीला गेली. तिथे विष्णुपंतांना फाटक्या कपड्यांत, रस्त्यावर गात, लोक देतील त्यावर जगणारा एक माणूस दिसला आणि त्यांनी आपल्या गुरूचा मुलगा ओळखला, असं सांगतात. पुढचा भाग मात्र दंतकथा नाही. ते त्याला सर्कशीबरोबर घेऊन आले आणि मरेपर्यंत त्याला सांभाळलं.

या 'सांभाळलं' शब्दापाशी थांबायला पाहिजे. आपण सहज म्हणतो, एका कलाकाराला आश्रय दिला. डोळ्यासमोर येतो राजा, दरबार, शाल वगैरे. इथे सर्कस होती. आज सोलापूर तर पुढच्या महिन्यात मद्रास. रोज शेकडो माणसांचं जेवण, जनावरांचा चारा, तंबू उभारा, तंबू सोडा. आणि या धबडग्यात एक माणूस असा की ज्याला अफू वेळेवर लागते, जो कधी लहान मुलासारखा रुसतो, कधी स्वतःशी पुटपुटत बसतो, गाईल तर असं गाईल की ऐकणारे हात जोडतील, आणि नाही गायचा तर नाही गायचा. सर्कशीत त्याचा उपयोग शून्य. विष्णुपंतांनी हे वर्षानुवर्षं केलं. त्यांच्याबरोबर फिरताना गावोगावी रहिमत खाँच्या बैठकी झाल्या, आणि महाराष्ट्रातल्या गवयांनी, नाटकवाल्यांनी, शौकिनांनी हद्दू खाँच्या घरातला ख्याल त्याच्या मुलाच्या तोंडून ऐकला. लोक त्याला भूगंधर्व म्हणू लागले.

१९०५ ला विष्णुपंत वारले. मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात जास्त कुतूहल आहे ते यानंतरच्या भागाचं, आणि नेमकं तिथेच लिहिणारे घाईत पुढे जातात.

विष्णुपंतांचं समजू शकतं. गुरूचा मुलगा, तरुणपणीचा सोबती, एकत्र घालवलेले ग्वाल्हेरचे दिवस. पण त्यांच्यामागे ही जबाबदारी आली त्यांचे भाऊ काशिनाथपंत छत्रे यांच्यावर. त्यांना हा माणूस भावाच्या संसारातून आला, जशी सर्कस आली, कर्जं आली असतील, हत्ती आले. त्यांनी हात झटकले असते तर कोणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी झटकले नाहीत. रहिमत खाँ छत्र्यांकडेच राहिले. काशिनाथपंत त्यांना घेऊन बैठकींना जात राहिले, त्यांच्या कलाने घेत राहिले. १९२२ साली खाँसाहेब वारले ते कुरुंदवाडलाच.

आणि आता तारखा नीट बघा. त्यांच्या त्या मोजक्या तबकड्या भरल्या गेल्या १९२० च्या सुमारास. म्हणजे विष्णुपंत जाऊन पंधरा वर्षं झालेली, आणि खाँसाहेबांच्या आयुष्याची दोनेक वर्षं उरलेली. काशीतून शोधून आणणाऱ्या माणसाला तो आवाज तबकडीवर कधीच ऐकायला मिळाला नाही. आपल्याला तो आज मिळतो तो काशिनाथपंतांमुळे. शोध लावणाऱ्याचं नाव इतिहासात जातं. रोजचं औषधपाणी बघणाऱ्याचं तळटीपेत, तेही जागा उरली तर.

आता त्या तबकडीत काय आहे हे इंजिनियरच्या नजरेने बघू, कारण त्याशिवाय तो आवाज असा का येतो ते कळत नाही. १९२५ च्या आधी ध्वनिमुद्रणात वीज नव्हती. मायक्रोफोन नाही, अँप्लिफायर नाही. एक मोठा कर्णा असायचा. गाणाऱ्याने त्यात तोंड खुपसून गायचं, आवाजाच्या जोराने टोकाची पातळ चकती थरथरायची, तिला जोडलेली सुई मेणाच्या चकतीवर खाच कोरायची. झालं ध्वनिमुद्रण. खर्जातले आणि अगदी वरचे सूर त्यात उमटतच नसत. तंबोरा जवळजवळ गायब. मान हलवली की आवाज गेला. एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटांची, आणि चुकलं तर मेण फुकट. कलकत्त्याला नोव्हेंबर १९०२ मध्ये गौहरजानने गायलेल्या सुरुवातीच्या तबकड्यांच्या शेवटी ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते, ते मिरवायला नाही. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, आणि तिथल्या माणसाला लेबल कोणतं चिकटवायचं ते कळावं म्हणून.

ज्या माणसाला रात्रभर एक राग आळवायची सवय, ज्याला कोणी 'आता गा' म्हटलेलं खपत नाही, आणि ज्याचं भान कधी आहे कधी नाही, त्याला म्हातारपणी असल्या कर्ण्यासमोर बसवून साडेतीन मिनिटांत गाऊन घेणं कोणाला कसं जमलं असेल? मला आजच्या सगळ्या साधनांसहित एका डेमोसाठी दहा जणांची टीम वेळेवर एका खोलीत आणता येत नाही :-)

या आवाजाचं पुढे काय झालं हे तुम्हाला माहीत आहे, फक्त माहीत आहे हे माहीत नाही. किराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) उत्तरेतून आले आणि महाराष्ट्रात रमले. १९१३ ला त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं आणि नंतर मिरजेला स्थायिक झाले. मिरजेहून कुरुंदवाड हाकेच्या अंतरावर. रहिमत खाँच्या गाण्याने ते भारून गेले होते आणि त्यांच्या उंच, बारीक, आर्जवी आवाजात ती छाया शोधायला तज्ज्ञ लागत नाही. रहिमत खाँनी तबकडीवर गायलेली भैरवीतली 'जमुना के तीर' अब्दुल करीम खाँनीही १९३० च्या दशकात तबकडीवर दिली. दोन्ही पाठोपाठ ऐकल्या तर एकाच घरातल्या दोन पिढ्या बोलताहेत असं वाटतं, आणि घराणी तर वेगळी! घराण्याच्या वंशावळ्या काढणाऱ्यांना हा प्रकार जरा अडचणीचा होतो. गाणं गंड्यानेच वाहतं असं नाही, ते नुसतं ऐकूनही वाहतं.

त्याच अब्दुल करीम खाँची 'पिया बिन' ही तबकडी दुकानात वाजताना गदगच्या एका शाळकरी पोराने ऐकली आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, तो घरातून पळाला. पळाला कुठे? फिरत फिरत ग्वाल्हेरला! जिथे साठ-सत्तर वर्षांपूर्वी अंकलखोपचा एक घोडेवेडा मुलगा पळून गेला होता. भीमसेन जोशी. जन्म १९२२, म्हणजे ज्या वर्षी रहिमत खाँ कुरुंदवाडला वारले त्याच वर्षीचा. 'जमुना के तीर' त्यांनीही गायली.

आम्ही दोघं सवाईला जायचो तेव्हा तो रेणुका स्वरूपच्या मैदानावर व्हायचा आणि रात्रभर चालायचा. रात्री लोणीला परतायला बस नाही, त्यामुळे पहाटेपर्यंत बसण्यावाचून इलाजच नसे, आणि असं सक्तीने बसून मी जे ऐकलं ते स्वखुशीने कधीच ऐकलं नसतं. मित्र स्वेटरवर शाल घेऊन डोळे मिटून बसायचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या की त्याच्या कपाळाला आठी पडायची.

बारावीनंतर त्याचं कॉलेज सुटलं. न बोलण्याचे आठ दिवस हळूहळू महिन्यावर गेले. पुण्याला डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या, बंद झाल्या, परत सुरू झाल्या. मी नोकरीला लागलो, बंगळूर, मग परदेश, मग परत. आई-वडील गेल्यावर त्याचं सगळं बघतो तो त्याचा थोरला भाऊ. आमचा दादा. टँकरवर ड्रायव्हर होता, आता स्वतःचे दोन टँकर आहेत. त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. घर नव्याने बांधलं तेव्हा सगळे म्हणत होते मागचा पत्रा पाडा, पार्किंग होईल. दादाने खोली ठेवली, उलट तिला स्लॅब टाकला, कारण पावसाचा आवाज पत्र्यावर झाला की ह्याला तबकडी नीट ऐकू येत नाही. मी एकदा म्हटलं, दादा, तुम्ही केवढं करता. तर म्हणाला, "आपल्याला काय कळत नाय बाबा त्यातलं. पण ते वाजतंय तवर तो निवांत असतो. मग मलाबी झोप लागती."

काशिनाथपंतांना काय वाटत असेल याचा विचार करताना माझ्या कानात हेच वाक्य येतं. ऐतिहासिक पुरावा म्हणून याची किंमत शून्य आहे, हे मान्य.

काही वर्षांपूर्वी त्या तबकड्यांच्या फाइली करून ठेवू म्हणून मी लॅपटॉप आणि वीजेवर चालणारी चांगली तबकडीपेटी घेऊन लोणीला गेलो. मित्राने आधी साफ नकार दिला. फाइल म्हणजे गाण्याचा फोटो, म्हणे. दोन-तीन शनिवार दादाच्या हातचा चहा पिऊन परत आलो. चौथ्या शनिवारी तो आपण होऊन म्हणाला, "वेग किती ठेवणार?" तेव्हा कळलं की गाडी रुळावर आली.

प्रश्न बरोबर होता. त्या काळच्या तबकड्या सगळ्या मिनिटाला ७८ फेऱ्यांनी भरलेल्या नाहीत. कुठे ७४, कुठे ८०, यंत्र तसं. वेगात सहा टक्के फरक पडला की सूर अर्ध्या पट्टीने सरकतो, म्हणजे काळी दोनचा माणूस पांढरी तीनमध्ये गाऊ लागतो, आणि तान आणखी जलद वाटायला लागते. म्हणजे आपण ज्या आवाजाने थक्क होतो त्यातला किती भाग गवयाचा आणि किती मोटरचा? मी सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर सरकवत होतो. त्याने मला बाजूला केलं, डोळे मिटले, आणि "जरा कमी... अजून... थांब" करत एका ठिकाणी आणून ठेवलं. का तिथेच, विचारलं. म्हणाला, इथे तो श्वास माणसासारखा घेतो. मी ऐकलं. दोन तानांच्या मधे, खरखरीच्या खाली, खरोखरच एक श्वास आहे. इतकी वर्षं ती तबकडी ऐकून मला तो कधी ऐकू आला नव्हता. तो वेग ७८ नव्हता, थोडा कमी होता. फाइल त्याच वेगाने ठेवली आहे.

तुम्हाला ऐकायचं असेल तर लोणीला यायची गरज नाही. रहिमत खाँच्या तबकड्या नेटवर शोधल्या की सापडतात. हेडफोन लावून ऐका. पहिल्यांदा सगळी खरखरच ऐकू येईल, बंद करू नका, दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला कान तिला बाजूला सारायला शिकतो. मग 'जमुना के तीर' लावा, याच क्रमाने: आधी रहिमत खाँ, मग अब्दुल करीम खाँ, मग भीमसेनजी. पहिल्या दोन तबकड्या मिळून सात मिनिटांच्या आत आटपतात. हडपसरच्या गाडीतळापाशी आपण रोज यापेक्षा जास्त वेळ अडकून पडतो.